मिस कॉल उचलायचा नसतो

...नाही नाही, तुम्ही म्हणाल, सरळ फोनच करायचा ना! सगळे हेच म्हणतात. घरी हीसुद्धा हेच म्हणाली. अहो, पण फोन करून उपयोग काय, जिथे पलीकडच्या माणसानं तो उचलायचाच नाही असं ठरलेलं आहे? आणि ठरवलं कोणी? आम्हीच. आम्ही म्हणजे मी आणि ताईनं. म्हणजे ताईनं ठरवलं, मी मान हलवली.

तुम्हाला सांगतो, या सगळ्याच्या मुळाशी एक इंग्रजी शब्द आहे. मिस. दोन अक्षरं हो... दोनच अक्षरं! शाळेच्या शब्दकोशात त्याला जेमतेम दीड ओळ होती, आणि त्या दीड ओळीनं परवा माझ्या आयुष्याची पाच वर्षं खाल्ली. थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर मधेच विचाराल की ताई कोण.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. दुसऱ्या गावी राहते, बसनं गेलं तर जेवणाची एक वेळ चुकते एवढ्या अंतरावर. एकटी राहते. उभा जन्म इंग्रजी शिकवलं, लग्न केलं नाही, त्यामुळे ती दोन्हीकडून मिस. वर्गात मुलं म्हणायची मिस, आणि येणाऱ्या पाकिटावर नावाच्या आधी लिहिलेलं असायचं तेही मिस. पुढे ती निवृत्त झाली, पण गाव काही निवृत्त व्हायला तयार नाही. फळवाला मिस म्हणतो, बँकेतला मॅनेजर खुर्चीतून उठून मिस म्हणतो, तिच्या घराखाली दुकान असलेला शिंपी, जो तिच्या हाताखाली कधी शिकलाच नाही, गावात आला तोच मुळी टक्कल घेऊन, तोही मिस म्हणतो. तिचं खरं नाव जगात दोघांनाच माहीत. मला आणि पेन्शनच्या ऑफिसला.

आता वय झालं, गुडघे बोलायला लागले. मी किती वेळा म्हटलं, ताई, इकडे ये. आमची मुलगी लग्न होऊन गेल्यापासून वरची खोली रिकामी आहे, खिडकी आहे, सकाळचं ऊन येतं. तर म्हणते कशी, "तुझ्याकडे येऊन मी करू काय? तुझं पाठांतर घेऊ?" मी म्हटलं, अगं, पण एखाद्या दिवशी तुला काही झालं तर आम्हाला कळायचं कसं? तर चष्मा पुसत म्हणाली, "हजेरी घ्यायची."

हजेरी! आणि लगेच नियम सांगितले, उभं राहून, खडू नव्हता हातात एवढंच. "रोज सकाळी चहा झाला की मी तुला मिस कॉल देईन. म्हणजे मी आहे. तू मला उलट मिस कॉल द्यायचा. म्हणजे तू आहेस. उचलायचा कोणीही नाही. उचलला की गप्पा होतात, आणि गप्पा झाल्या की तू फिरून फिरून त्या वरच्या खोलीवर येतोस."

एकदा मी उचलला हो. माझीच बहीण ना ती? उचलला आणि म्हटलं, "ताई, खोलीला रंग दिलाय..." पलीकडून आवाज आला, "हजेरीच्या वेळी बोलायचं नाही." खट! पुढचे कित्येक दिवस तिच्या मिस कॉलची घंटा मला रागावलेली ऐकू यायची. घंटेत राग कसा असेल, तुम्ही म्हणाल. तिच्या घंटेत असतो.

बरं, मिस कॉल म्हणजे आमच्या घरात एकच का आहे? इस्त्रीवाल्याला मिस कॉल दिला की त्याचा अर्थ कपडे घेऊन जा. हिचा मिस कॉल आला की त्याचा अर्थ येताना काहीतरी आणा. काय आणा, ते विचारायला मी फोन करायचा! आणि मुलगी? ती कॉलच करत नाही, ती लिहिते. "मिस यू बाबा", पुढे एक लाल बदाम. मी लगेच फोन लावतो, तर "बाबा, मीटिंगमध्ये आहे." अगं, आत्ता तर मिस करत होतीस! एवढ्यात बरी झालीस? दोन अक्षरं हो... एक देतो, एक घेतो, एक करतो, आणि सगळ्यांना वाटतं आपण बोललो.

तर परवा. सकाळी चहा झाला, मिस कॉल नाही. म्हटलं, ताईचं दूध उशिरा आलं असेल. दुसरा चहा झाला. पेपर झाला. पेपरातल्या निविदा वाचून झाल्या हो, ज्या मी नोकरीत असतानाही वाचल्या नव्हत्या! फोन आपला टेबलावर गप्प.

ही म्हणाली, "अहो, नुसतं बघून तो वाजायचा नाही. मिस झाला असेल."

"काय मिस झालं असेल?"

"मिस कॉल."

आता याला काय म्हणायचं? मिस कॉल मिस कसा होईल? जो मिस होण्यासाठीच केलेला आहे तो मिस झाला तर झाला की सफल! मी हे तिला समजावून सांगायला लागलो, तेवढ्यात ती ओट्याशी उभ्या उभ्या, पाठ न वळवता, हळूच म्हणाली, "वन्सं मिसिंग तर नसतील ना हो?"

मी पेपर घडी करून बाजूला ठेवला. तुम्हाला सांगतो, आमच्या ऑफिसात या शब्दावर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जगलो. फाइल हरवली म्हटलं की ती कोणीतरी हरवलेली असते, मग त्याला नोटीस, त्याचा खुलासा, सगळं आलं. पण फाइल मिसिंग म्हटलं की ती आपली आपण उठून गेलेली असते. कोणाकडे काही नाही. साहेब सही करतात, शिपाई चहा आणतो. फार थंड, फार सावलीचा शब्द होता तो. माणसाला लावलेला कधी ऐकला नव्हता. आणि तोही आपल्या माणसाला.

लावला फोन. वाजला, वाजला, वाजून थांबला. ही म्हणाली, "उचलत नाहीत?"

मी म्हटलं, "उचलणार नाहीच! नियम आहे."

"मग कळणार कसं?"

आता सांगा, मी काय उत्तर देऊ? उचलला नाही म्हणजे ताई ठणठणीत आहे, खुर्चीत बसून माझं नाव बघतेय आणि शिस्तीत उचलत नाहीये. किंवा उचलला नाही म्हणजे... दुसरंही असू शकतं ना? दोन्हीकडे घंटा तीच! इतकी वर्षं आम्ही दोघांनी मोठ्या कौतुकानं एकमेकांना काय शिकवलं, तर आपला फोन आला की हात मागे घ्यायचा. अडल्या वेळी उपयोगी पडेल असं काही शिकवलंच नाही. मी पुन्हा लावला. पुन्हा लावला. दर वेळी वाटायचं, हा उचलेल, एवढ्यांदा वाजल्यावर कळेल तिला की ही हजेरी नव्हे. आणि दर वेळी वाटायचं, नाही उचलणार, ती हाडाची शिक्षिका आहे, आग लागली तरी आधी रांग करायला लावेल.

शेवटी खालच्या शिंप्याला फोन केला. तो म्हणाला, "मिस? नाही हो, सकाळपासून दिसल्या नाहीत. थांबा, वर जाऊन येतो." त्याचे जिना चढतानाचे पाय मला फोनमधून ऐकू येत होते, आणि मी इकडे पायऱ्या मोजत होतो. खाली येऊन धापा टाकत म्हणाला, "बेल वाजवली. दार बंद आहे. लॅच आहे ना, आतून बंद आहे की बाहेरून, काही कळत नाही. आणि साहेब... पेपर दारातच पडलाय."

पेपर दारात! माझी ताई, जी पेपर आल्या आल्या लाल पेन्सिल घेऊन त्यातल्या चुका काढते, तिचा पेपर दारात!

मी शर्ट चढवायला गेलो तर कपाटात शर्ट नाही. "शर्ट कुठायत?" तर ही म्हणते, "काल इस्त्रीवाला घेऊन गेला ना सगळे. मी बोलावलं नव्हतं, आपणहून आला." आला तर आला, म्हटलं, काय त्याचं! दोरीवरचा चुरगळलेला शर्ट घातला आणि धावत स्टँडवर गेलो, तर समोरून बस चाललेली. मी हात करतोय, ओरडतोय, आणि चौकशीच्या खिडकीतला माणूस जांभई देत म्हणतो, "मिस झाली तुमची." जसं काही ती माझी पाळलेली होती! पुढची बस मिळाली, तर ती थोडी पळायची आणि गचके द्यायची. ड्रायव्हर मागे वळून सगळ्या बसला सांगतो, "गाडी मिसिंग मारतीय." मी कपाळावर हात मारला. दोन अक्षरं हो... इंजिनातसुद्धा जाऊन बसलीत!

बसमध्ये मी सारखा फोन लावतोय. मधेच हिचे मिस कॉल येऊन पडलेले दिसले. एक. पुन्हा एक. म्हटलं, बघा! माझी बहीण तिकडे... आणि हिला येताना काहीतरी आणायला हवंय! रागानं फोन उलटा करून मांडीवर ठेवला. पुन्हा सुलटा केला आणि ताईला लावला. शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, "कोणी उचलत नाही का?" मी म्हटलं, "नाही, तशीच पद्धत आहे आमच्यात." ते जरा सरकून बसले.

पोचलो. शिंपी खाली वाटच बघत होता, गळ्यात टेप तशीच. दोघं वर गेलो. दार बंद. बेल वाजवली, हाका मारल्या, "ताई! अगं ताई!" काही नाही. मग मी तिथे जिन्यात उभा राहून फोन लावला.

आणि तो आत वाजला.

अगदी दाराच्या पलीकडे. तिनं शाळेच्या घंटेसारखी घंटा लावून घेतलीय, टण टण टण, ती आत वाजतेय, आणि मी बाहेर उभा. शिंपी माझ्याकडे बघतोय, मी दाराकडे बघतोय. घंटा थांबली. तुम्हाला सांगतो, ती वाजत होती ना, ते बरं होतं. ती थांबल्यावर जे आतून ऐकू आलं... म्हणजे जे काहीच ऐकू आलं नाही... आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आता तिनं दार उघडावं आणि मला वर्गाबाहेर उभं करावं. दिवसभर करावं.

"तोडू या," शिंपी म्हणाला.

तोडू या म्हणायला काय जातंय! मी आयुष्यभर पेन उचललेला माणूस, तो सुई उचललेला. दोघांनी खांदा लावला. दार हललं नाही, खांदे हलले. मग त्यानं खालून लोखंडी गज आणला, दुकानाचं शटर ओढायचा. तो फटीत घातला, दोघांनी डोळे मिटून जोर लावला, आणि काय सांगू, केवढा आवाज! लॅच जागच्या जागी. चौकटच भिंतीतून निघून, दारासकट आत जाऊन आडवी झाली. शिंपी मातीत उभा राहून म्हणाला, "लॅच चांगल्या कंपनीचं होतं."

आत कोणी नाही.

पलंगावर चादर ताणून घातलेली. कप विसळून पालथा. न्हाणीघर कोरडं. टेबलावर फोन, वायर लावून ठेवलेला, त्यावर माझे मिस कॉल एकाखाली एक. आणि माझं नाव तिनं कसं घातलंय माहितीय? "धाकटा. उचलू नये." मी तिच्या खुर्चीत बसलो.

तेवढ्यात माझा फोन वाजला. ही. मी उचलला आणि ओरडलोच, "मला आत्ता काही आणायला सांगू नकोस!"

"आणायचं काय, अहो! मघापासून लावतेय, तुमचा फोन सारखा बिझी! वन्सं इथे आल्यात!"

"कुठे?"

"इथे! आपल्या घरी! चहा पितायत!"

मी काही बोलायच्या आत फोन दुसऱ्या हातात गेलेला कळला. कसा कळला? आपोआप ताठ बसलो मी.

"काल हजेरीला कोण नव्हतं?"

"ताई, मी दिला होता मिस कॉल!"

"आला नाही."

"अगं, मी स्वतः, या हातानं..."

आणि बोलता बोलता माझ्या डोळ्यांसमोर तो इस्त्रीवाला उभा राहिला, खांद्यावर माझे सगळे शर्ट घेतलेला. आपणहून आला होता म्हणे! आदल्या दिवशी मी चष्मा न लावता यादीतल्या पहिल्या नावावर बोट ठेवलं होतं. ताईला माझी हजेरी म्हणून जे जायचं, ते त्याला गेलं होतं.

मी म्हटलं, "मग परत एकदा द्यायचास ना!"

"मी हजेरी दोनदा घेत नाही." मग जरा थांबली. "संध्याकाळपर्यंत वाट बघितली. म्हटलं, देशील. नाही दिलास. सकाळी उठले, चहासुद्धा पुरता घेतला नाही, पहिल्या बसमध्ये बसले. फोन टेबलावरच राहिला. बसमध्ये आठवलं, पण परत कोण जातंय."

"अगं, पण तुला वाटलं काय?"

"काय वाटणार?" ती म्हणाली. "म्हटलं, गेला धाकटा."

आणि गप्प झाली. तुम्हाला सांगतो, मी तिचं रागावणं ऐकलंय, शिकवणं ऐकलंय, खट करून ठेवलेला फोन ऐकलाय. हे गप्प होणं कधी ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं मी बोलावलं, रंग दिला, पडदे लावले, ती आली नाही. आणि मी एक दिवस गैरहजर राहिलो तर बाईसाहेब गुडघे घेऊन, रिकाम्या पोटी, बसचे गचके खात आल्या. इकडे शिंपी बिचारा भिंतीचे तुकडे गोळा करत होता.

मग तिनं घसा साफ केला. "ठीक आहे. आहेस ना? मग मी आता परत निघते."

"ताई, एक अडचण आहे."

"काय?"

"तुला दार नाही."

पुढचं सगळं सांगत बसत नाही. तिनं विचारलं, दार कुठे गेलं, मी म्हटलं, आहे, पण उभं नाही. तिनं विचारलं, कोणी पाडलं, मी शिंप्याकडे बघितलं, शिंपी खिडकीबाहेर बघायला लागला. पण त्यात मला एक गोष्ट सुचली हो! मी म्हटलं, "ताई, उघड्या घरात कसं राहणार तू? दार होईपर्यंत तिथे वरच्या खोलीत राहा, मी इथे राखण करतो."

आणि ती म्हणाली, "बरं."

बरं म्हणाली! ताई! मग हिनं फोन घेतला आणि कुजबुजली, "अहो, वर गेल्यात. खिडकीशी खुर्ची ओढून बसल्यात. ऊन चांगलं येतं म्हणाल्या. तुम्ही सुताराला अजिबात घाई करू नका."

घाई? मी? अहो, सुतार म्हणजे काय, तुम्हाला माहीत नाही का? आमच्या कपाटाचा पल्ला बसवायला 'उद्या येतो' म्हणून गेलेला सुतार, त्याच्या मुलीचं लग्न झालं, नात झाली, तो अजून उद्याच येतोय! मी मनात हिशेब केला. चौकट भिंतीतून निघालेली, भोकं बुजवायची, लाकूड आणायचं, तो येणार नाही, आला तर हत्यार विसरणार... तेवढ्यात ताईला खोलीची सवय होते. माणसाला उन्हाची सवय व्हायला कितीसा वेळ लागतो? मी शिंप्याला म्हटलं, "बघा एखादा सुतार. चांगलाच हवा असं काही नाही." तो म्हणाला, "बघतो," आणि गेला. मी ताईच्या खुर्चीत पाय लांब करून बसलो. दिवसात पहिल्यांदा बरं वाटलं हो. म्हटलं, आता बघू, कशी जाते.

डोळा लागतोय न लागतोय तोच दारात, म्हणजे दार होतं तिथे, एक माणूस उभा. केस पिकलेले, हातात पेटी, खांद्यावर फळ्या.

"मिसचं दार हेच ना?"

मी म्हटलं, "हेच, पण काही घाई नाही. आज नुसतं बघून जा. उद्या या. परवा आलात तरी..."

त्यानं पेटी खाली ठेवली आणि बाह्या सरसावल्या. "नाही साहेब. मिसचं काम आहे. एकदा वर्गात उशिरा आलो, तर मिसनी सगळा तास बाहेर उभं केलं होतं. त्यानंतर आजवर कुठल्याही कामाला उशीर केलेला नाही."

संध्याकाळच्या आत चौकट उभी! रंधा मारलेली, पॉलिश केलेली, पहिल्यापेक्षा भक्कम, नवं लॅच, दोन किल्ल्या, वर केर झाडून दिला. दार उघडून, लावून, पुन्हा उघडून दाखवलं, आणि माझ्या तोंडाकडे बघून घाबरून विचारतो, "साहेब, काम आवडलं नाही का?"

ताई दुसऱ्या दिवशी परत गेली. आता मी कोणाला काय बोलू? उभ्या आयुष्यात सांगितल्या वेळी आलेला एकच सुतार मला भेटला... आणि तो तिनं आधीच घडवून ठेवला होता!